आगीचा जुना बंब

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण मराठीत रूढ आहे. संकट एकीकडे आणि त्यावरचा उपाय भलतीकडे, असा तिचा अर्थ. या म्हणीतील बंब म्हणजे आग विझविण्याचे यंत्र. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. स्नानाचे पाणी तापविणाऱ्या तांब्याच्या भांड्यालाही आपण बंबच म्हणतो. एक बंब विस्तव पोटात बाळगतो, तर दुसरा विस्तवाचा वैरी!

प्रथम हे यंत्र हातांनी चालत असे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या माणसे आळीपाळीने दाबत. पुढे वाफेवर चालणारे बंब निघाले. ते घोडे ओढीत आणि आगीकडे धावतानाच त्यांच्या भट्टीत कोळसा धगधगत असे. आग विझविण्यासाठी आधी आग पेटवायची, असा तो प्रकार होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारबंब आले. इंग्लंडमधील डेनिस कारखान्याने आपला पहिला मोटारबंब 1908 साली तयार केला. लेलँड आणि मेरीवेदर हेही त्या काळचे नामांकित कारखाने होत.

असे काही जुने बंब हौशी लोकांनी व अग्निशमन दलांनी पुन्हा नीट करून जपले आहेत. लाल रंग, पितळेची घंटा आणि मोठ्या चाकांची लाकडी शिडी पाहून कोणाचेही डोळे दिपतात. गाडीला छप्पर नसे. जवान दोन्ही अंगांना बाहेर तोंड करून बसत किंवा उभे राहत आणि पितळी कठडा घट्ट धरीत. तीव्र वळणावर हात सुटला, तर माणूस रस्त्यावर फेकला जाई. म्हणून पुढे बंद गाड्या बांधण्यात आल्या. जवानांची पितळी शिरस्त्राणेही अशीच मागे पडली. पितळेतून वीज वाहते. घरोघर विजेच्या तारा आल्यावर ते धोक्याचे ठरले. लंडनच्या दलाने 1936 साली त्यांचा त्याग केला.

तथापि, या गाडीचा खरा जीव तिच्या पंपात असतो. गाडी आगीजवळ थांबली, की जे इंजिन आतापर्यंत चाके फिरवीत होते, तेच पंप फिरवू लागते. पंपाच्या पोटात पात्यांचे चक्र असते. ते वेगाने फिरले, की पाणी बाहेरच्या बाजूस जोराने फेकले जाते. सातारा-सांगलीकडील शेतकऱ्यांच्या विहिरींवरचे पंप याच तत्त्वावर चालतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानात वसविलेली आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी अशा पंपांसाठीच प्रसिद्ध आहे. पंप सुरू करण्यापूर्वी शेतकरी त्यात पाणी ओततो, कारण आत हवा असली तर पंप पाणी उचलीत नाही. आगीच्या वेळी पाणी ओतीत बसण्यास सवड कोठली? म्हणून बंबात हवा काढून टाकणारे एक निराळे साधन बसविलेले असते.

नळ्याही दोन प्रकारच्या असतात. पाणी फेकणारी नळी कापडी व मऊ असते. तिची घडी करता येते. कोरडी असताना ती थोडी झिरपते. परंतु भिजून धागे फुगले, की तिची छिद्रे आपोआप बुजतात. पाणी ओढणारी नळी मात्र ताठ असते व तिच्यात तारेचे वेटोळे असते. आतील हवा काढताच बाहेरची हवा तिला चारी बाजूंनी दाबते; वेटोळे नसते, तर नळी चपटी होऊन गेली असती. तिच्या टोकाला पालापाचोळा अडविण्यासाठी वेताची टोपली बांधीत.

वस्तुतः पंप पाणी ओढीत नाही. बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. हा दाब पाण्याला फार तर दहा मीटरपर्यंत चढवू शकतो आणि व्यवहारात सात-साडेसात मीटरच पदरात पडतात. साताऱ्याजवळ लिंब येथे 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधविलेली बारा मोटांची विहीर आहे. ती सुमारे 110 फूट, म्हणजे तेहतीस मीटर खोल आहे. पाणी तळाशी गेले असता मोटेचे बैल ते वर आणतील. पण काठावर उभा असलेला बंब त्याचा थेंबही उचलू शकणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावरही तसेच होईल. येथे कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट धरतात. उन्हाळ्यात नदी त्याहून कितीतरी खाली असते. पाणी डोळ्यांना दिसते आणि नळीला मात्र लाभत नाही! अशा वेळी बंब घाटावर उतरवावा लागे. जेथे गाडी उतरत नसे, तेथे माणसांनी ढकलून नेण्याजोगा लहान पंप उपयोगी पडे.

म्हणूनच जुना बंब नीट झाला की नाही, हे रंगावरून ठरत नाही. कातडी चकत्या वाळून आक्रसलेल्या असतात आणि सांध्यातील केसाएवढ्या फटीतूनही हवा आत शिरते. जाणता कारागीर नळीचे तोंड बंद करतो, आतील हवा काढतो, यंत्र थांबवितो आणि दाब दाखविणाऱ्या घड्याळाच्या सुईकडे पाहत उभा राहतो. सुई सरकली, तर पुन्हा एकेक सांधा उघडावा लागतो. ती जागची हलली नाही, तरच तो नळीचे तोंड मोकळे करून पाण्यात सोडतो.