गिऱ्हाइकाची शिवी आणि गद्दीची इज्जत

धंदा म्हटला की कमी-जास्त ऐकून घ्यावे लागते, हे आपल्या व्यापारी बांधवांना कोणी शिकवायला नको. भाव तोडताना खरीदार माल नावे ठेवतो, दलाल टोमणा मारतो, उधारी मागायला गेले की 'पैसे काय पळून जातात का?' असे ऐकावे लागते. ही बाजाराची जुनी जबान आहे आणि तिचे कोणी मनावर घेत नाही. परंतु टोमणा वेगळा आणि आई-बहिणीवरून, जातीवरून किंवा मजहबवरून काढलेली शिवी वेगळी. पहिली गोष्ट मालाबद्दल असते, दुसरी माणसाबद्दल. या दोहोंत फरक न करण्याची सवय आपल्या गद्द्यांवर फार मुरली आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. शिवी मालकाला क्वचितच मिळते. ती मिळते फोन उचलणाऱ्या मेहताजीला, काउंटरवरच्या पोराला, माल पोचवायला गेलेल्या टेम्पोवाल्याला. गिऱ्हाईकही माणूस पाहूनच तोंड सोडते. मालक समोर आला की तेच गिऱ्हाईक 'आइए सेठ' म्हणून चहा मागवते. म्हणून 'आम्ही सब्र करतो' असे जे मालक अभिमानाने सांगतात, त्यांनी एकदा विचार करावा की सब्र नेमके कोण करीत आहे.

शिवी कोणत्या दिवशी येते, तेही पाहण्यासारखे आहे. माल उतरला त्या दिवशी सहसा येत नाही. आमच्या कापडाच्या धंद्यातला अनुभव असा की ती पैशाच्या वायद्याच्या आसपास येते. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या खरीदाराकडे आमचे चाळीस ताके ग्रे कापड गेले होते. मुदत साठ दिवसांची. साठ दिवस एक अक्षर तक्रार नाही. एकसष्टाव्या दिवशी आमच्या मेहताजींनी चेकची आठवण दिली, तेव्हा त्या गृहस्थांना एकाएकी सहा ताक्यांत पट्टे दिसले, आणि साठी ओलांडलेल्या मेहताजींना त्यांनी जे ऐकवले ते येथे छापण्यासारखे नाही. मेहताजी दुपारी जेवले नाहीत.

आम्ही संध्याकाळी स्वतः फोन केला. आवाज चढवला नाही. एवढेच म्हटले, की सहा ताके परत पाठवा, पाहून आजच जमा धरतो. राहिलेल्या चौतीसचा चेक द्या. आणि आमच्या मेहताजींशी यापुढे असे बोलायचे असेल तर पुढचा माल रोखीने. परत आले दोनच ताके. बाकीचे चार केव्हाच विकले गेले होते. त्या दोन ताक्यांत पट्टे खरोखर होते, त्यांचे पैसे आम्ही कापून दिले. चौतीसचा व त्या चारांचा हिशेब पुढच्या आठवड्यात पुरा झाला. माणूस पुढेही आमच्याकडून माल नेत राहिला, बोलणे मात्र बदलले.

तक्रार खरी असेल तर ती शिवीसह आली म्हणून खोटी ठरत नाही. ताका उघडावा, पन्हा मोजावा, डाग असेल तर डाग म्हणावा. आणि तक्रार खरी आहे म्हणून शिवी ऐकून घेण्याची गरज नाही. नोकराला एक ठरलेले वाक्य देऊन ठेवावे: 'सेठ, माल की बात कीजिए, मैं लिख रहा हूँ। गाली देंगे तो फोन मालिक को दूँगा।' आणि त्यानंतर फोन खरोखर मालकाने घ्यावा. उलट शिवी द्यायची मुभा नोकराला नाही, पण मालकाने पाठीशी उभे राहावे हा त्याचा हक्क आहे. मदनपुऱ्यात, धारावीत जरीचे व चामड्याचे छोटे कारखाने चालवणाऱ्यांना हे विशेष लागू आहे. ऑर्डर देणारा कारखान्यात येऊन कारीगराला तोंडावर घालूनपाडून बोलतो आणि उस्ताद खाली मान घालून बसतो. हाताचा चांगला कारीगर दुसरीकडे बसायला वेळ लावत नाही. तो पगारासाठी गेला असे मग आपण म्हणतो.

(आपल्यातलेही किती जण सायझिंगवाल्याशी, हमालाशी याच लहजात बोलतात, हा विषय वेगळा. असो.)

आपण एवढे का गिळतो? कारण उघड आहे. ज्याचा निम्मा माल एकाच पार्टीला जातो, तो तिला काही बोलू शकत नाही. अशा माणसाला स्वाभिमानाचा उपदेश करणे सोपे आहे. त्यापेक्षा त्याने दोन-तीन छोटी गिऱ्हाइके शोधावीत, भाव थोडा कमी मिळाला तरी. एका खात्यावर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माल अडकू देऊ नये, असा आमचा हिशेब आहे.

मजहबवरून बोलले गेले तर मामला नाजूक होतो. दुकानात चार पोरे असतात, बाहेर चार उभी असतात, आणि पाच मिनिटांत बिलाचे भांडण मोहल्ल्याचे होते. तेथे मालकाने स्वतः पुढे यावे, पोरांना मागे घ्यावे आणि व्यवहार तिथल्या तिथे बंद करावा. हाजिर असलेल्यांची नावे आणि बोललेले शब्द त्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवावेत.

कायदाही जाणून असावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. शांतताभंग व्हावा म्हणून जाणूनबुजून केलेल्या अपमानाचे जुने कलम ५०४ आता ३५२ आहे. तो अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस एनसी लिहून घेतील, त्यावर लगेच अटक होणार नाही. मजहबी भावना दुखावण्याच्या हेतूने बोललेल्या शब्दांसाठी कलम ३०२ आहे. दलित किंवा आदिवासी कामगाराला लोकांदेखत जातीवरून शिवीगाळ झाली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. कारखान्यात वा काउंटरवर मुली काम करीत असतील तर २०१३ च्या कायद्याने त्यांना बाहेरून येणाऱ्या माणसांच्या लैंगिक छळापासूनही, म्हणजे तसल्या अश्लील बोलण्यापासूनही, सुरक्षित ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. दहा किंवा अधिक कामगार असतील तर अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

पण यंत्रमागवाल्यांच्या व कारखानदारांच्या अधिक कामाचा कायदा २००६ चा आहे, सूक्ष्म व लघु उद्योगांचा. त्यात खरीदाराने ठरल्या तारखेस, आणि कसेही झाले तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मालाबद्दल हरकत असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी द्यावी लागते. न दिल्यास माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा धरतात. म्हणजे वायद्याच्या दिवशी फोनवर ओरडून सांगितलेले पट्टे या कायद्याच्या हिशेबात फार उशिरा आलेले असतात. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही. माल बनवणाऱ्याला आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवावी, चलनावर माल घेणाऱ्याची सही व तारीख घ्यावी, आणि मोबाइलवर आलेला कोणताही निरोप, शिवीचा असला तरी, रागाच्या भरात पुसून टाकू नये.