अंगाची निगा (भाग ६) : पाठीच्या वाट्याला किती मिनिटं?

मागच्या भागात अभ्यंग, थाई आणि स्वीडिश मालिश यांतला फरक पाहिला. त्यातलं काय घ्यायचं हे तुम्ही ठरवलंत, केंद्रात फोन करून वेळही घेतलीत, असं धरून चालू. तरीही बरीच माणसं तासाभरानं ‘बरं वाटलं’ म्हणत बाहेर पडतात आणि ज्या दुखण्यासाठी गेली, ते तसंच घेऊन घरी येतात. कारण बहुतेक वेळा साधं असतं: आत गेल्यावर ती काही बोललेलीच नसतात.

हिशेब बघा. साठ मिनिटांच्या सर्वांग मालिशमध्ये हात, पाय, पोट, डोकं सगळ्यांना वाटा दिला की पाठ, मान आणि खांदे मिळून पंधरा-वीस मिनिटं उरतात. तुमची मान लॅपटॉपपुढे आखडलेली असेल, तर एवढ्यात तिचं काय होणार? म्हणून टेबलावर आडवं होण्याआधीच सांगावं, ‘ताई, आज पाय राहू द्या, मान-खांद्यांकडेच बघा.’ दिवसभर पुढे झुकून बसणाऱ्यांनी छातीच्या वरच्या भागाचंही नाव घ्यावं. तिथले स्नायू आखडून खांद्यांना पुढे ओढत असतात. हे ऐकून समोरची व्यक्ती ‘आमची पद्धत ठरलेली आहे’ म्हणाली, तर दुसरं केंद्र शोधा. कपडे किती काढायचे, चादर कुठवर असावी, हेही तुम्हीच ठरवायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण, हाडांचा ठिसूळपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, मधुमेहानं बधिर झालेले तळवे, हे न विचारताही सांगायचं. ताप किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर वेळ पुढे ढकला. आणि लांबच्या प्रवासानंतर किंवा पाय प्लास्टरमध्ये राहिल्यानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर ती कुणालाही चोळू देऊ नका. थेट डॉक्टर गाठा. खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते.

जेवणाचं म्हणाल तर वाग्भटानं सांगून ठेवलंय. ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायात तो रोज अभ्यंग करा म्हणतो, डोकं, कान आणि पाय यांना विशेष तेल लावा म्हणतो, आणि लगेच अजीर्ण झालेल्यांना त्यातून वगळतो. तेव्हा रविवारी मिसळ चापून तासाभरात पालथं झोपायला जाऊ नये. दोनेक तासांचं अंतर ठेवावं.

आता जोराविषयी. मालिश म्हटलं की कळवळायलाच हवं, असा आपल्याकडे एक समज आहे. तो तालमीतून आला असावा. कोल्हापूरच्या तालमींत पैलवान एकमेकांचं अंग रगडतात, तेव्हा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण ती अंगं जोर-बैठकांनी आणि लढतींनी घडलेली असतात. बँकेच्या खुर्चीत कमावलेली पाठ तशा हातांखाली देऊ नये. दाब सोसवेनासा झाला की स्नायू आपोआप ताठरतात, श्वास अडतो, मुठी वळतात. मग मालिश करणारा त्या ताठरपणाशीच झगडत बसतो आणि तुमचे पैसे त्या झटापटीत जातात. ‘हां, तिथंच’ असं तोंडून निघावं आणि श्वास मात्र संथ राहावा, एवढा दाब पुरे. त्यापलीकडे गेला की लगेच ‘जोर कमी करा’ म्हणावं. मर्दुमकी दाखवायची ही जागा नव्हे. अतिजोरामुळे स्नायूंचे तंतू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून देतात, त्याला माझा साफ विरोध आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीचं अस्तर त्या झटक्यानं फाटू शकतं.

‘मालिशनं विषद्रव्यं सुटतात, म्हणून नंतर भरपूर पाणी प्या’ हेही नेहमीचं पालुपद. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं, की कसून व्यायाम केल्यावर मालिश केली तर लॅक्टिक आम्ल हटायला उलट अडथळाच होतो, कारण दाबानं स्नायूतला रक्तप्रवाह कमी होतो. मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१२ मधल्या अभ्यासात मालिश केलेल्या मांडीच्या स्नायूंत दाहाचे संकेत मंदावलेले आढळले. अभ्यास छोटा, अवघ्या अकरा तरुणांवरचा. पण विष धुऊन निघण्याच्या गोष्टीपेक्षा मला हे जास्त पटतं. पाणी तहान लागेल तेवढं प्यावं.

संपल्यावर झटकन उठू नका. रक्तदाब थोडा उतरलेला असतो. आधी कुशीवर वळून, मग बसून, मिनिटभरानं पाय खाली सोडा. अभ्यंग असेल तर तळवे पुसूनच न्हाणीघरात जा, तेलकट पाय आणि ओली फरशी यांचं जमत नाही. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकेल, ते एक-दोन दिवसांत थांबतं. त्यापुढेही ठणका राहिला, किंवा हाताला मुंग्या, बधिरपणा जाणवू लागला, तर पुन्हा मालिशला न जाता डॉक्टरांकडे जा.

पुढच्या आठवड्यात : घरच्या घरी पाय चेपताना कोणतं तेल वापरावं, आणि कुठे दाबू नये.