एका बाराची तयारी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात साधारणपणे नाताळच्या दुसऱ्या दिवशी चकमकीच्या बंदुकांनी करायच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. १९७४ पासून चालत आलेल्या या हंगामात आधुनिक रायफल चालत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने गोळी ठासायची, कानाशी, म्हणजे पेटवायच्या भोकाशी, रंजकेची दारू घालायची आणि मगच नेम धरायचा. हाती बार एकच असतो. तो पार चुकला, तर दुसरी गोळी ठासेपर्यंत पांढऱ्या शेपटीचे हरीण कुठल्या कुठे पोचते. निसटता लागला, तर जखमी जनावर रानात तडफडत राहते. म्हणून या शिकारीचे निम्मे काम हंगामाच्या कितीतरी आधी करावे लागते. नळीला मानवणारी गोळी शोधायची आणि त्या गोळीसाठी नळी आतून गुळगुळीत करायची.

या बंदुकीचे घराणे पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टर परगण्याचे. अठराव्या शतकात तिथे स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी आपल्याकडच्या आखूड, जाड शिकारी रायफलीला लांब आणि सडपातळ रूप दिले. नळ्या हाताने घडवलेल्या असल्याने प्रत्येकीचे माप वेगळे असे. त्यामुळे कारागीर बंदुकीबरोबर तिच्याच मापाचा गोळीचा साचाही देई. वर्षानुवर्षांच्या वापराने आतल्या पीळदार खाचा झिजल्या, की त्या नव्याने कोरून घेत. नळी थोडी रुंदावे आणि मग साचाही बदलावा लागे. गोळी आणि नळी ही जोडी आहे, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते.

आजही गोळी निवडताना आधी पाहायचा तो नळीचा पीळ. रिकाम्या नळीत घट्ट चिंधी लावलेला गज घालावा, त्याच्यावर खूण करावी आणि किती इंच आत गेल्यावर गजाचा किती फेरा होतो ते मोजून एका पुऱ्या फेऱ्याचे अंतर काढावे. गजाची मूठ मात्र मोकळी फिरणारी हवी. ६६ इंचांत एक फेरा असा संथ पीळ असेल, तर ती नळी गोल गोळीची. अर्ध्या इंचाच्या नळीत ०.४९० इंच व्यासाची, साडेअकरा ग्रॅमच्या आसपास वजनाची शुद्ध, मऊ शिशाची गोळी घालतात. ती मेण किंवा चरबी लावलेल्या सुती चिंधीत बसवून ठासतात. चिंधी खाचांमध्ये रुतते आणि गोळीला फिरकी देते. गोल गोळीचा वेग हवेत लवकर मरतो, म्हणून जाणता शिकारी शंभर यार्डांच्या आतच बार काढतो.

लांबट, जड गोळीला वेगाने फिरवणारा पीळ लागतो. संथ पिळाच्या नळीत ती डगमगते. ४८ इंचांचा पीळ मधला, दोन्ही जातींच्या गोळ्या कमीअधिक सांभाळणारा. मिसूरीच्या टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये नव्या बांधणीची ठासणीची रायफल आणली. तिच्या पाठोपाठ २८ इंचांचा पीळ आणि प्लास्टिकच्या वेष्टनातली, नळीहून बारीक गोळी सर्रास झाली. अर्थात चकमकीच्या जुन्या वळणाच्या नळीवर ही गोळी लादण्यात काही अर्थ नाही.

गोळी योग्य असूनही नेम विखुरत असेल, तर बारानंतर काही पावलांवर पडलेल्या चिंध्या उचलून पाहाव्यात. मधोमध काळी पडलेली, पण शाबूत चिंधी म्हणजे सारे ठीक. जळून फाटली असेल, तर तिचे कापड पातळ आहे किंवा चरबी कमी पडली आहे. सरळ चिरा गेल्या असतील, तर धातूची धार तिला कापते आहे.

पहिला संशय नळीच्या तोंडावर घ्यावा. ठासताना चिंधी तिथेच सर्वांत जास्त दाबली जाते. बारीक पॉलिश पेपर अंगठ्याखाली धरून तोंडाच्या आतल्या कडेवर गोल फिरवला, की ती धार मोडते. तेवढ्याने भागले नाही, तर नळीच्या आतल्या कामाला हात घालायचा. गजाच्या टोकाभोवती नळीतच शिसे ओततात, ते हुबेहूब खाचांचा आकार घेते. त्याला तेल आणि बारीक कुरुंद लावून टोकापासून टोकापर्यंत मागेपुढे ओढतात. नळी कुठे अडते आणि कुठे सैल आहे, हे हाताला कळत जाते. यालाच लॅपिंग म्हणतात. यात थांबणे महत्त्वाचे, कारण घासून गेलेला धातू परत येत नाही. बऱ्याच नव्या नळ्या नुसत्या वापराने आणि सफाईनेही गुळगुळीत होतात. तेवढा अवधी त्यांना आधी द्यावा. काम झाल्यावर कुरुंदाचा कण न् कण पुसून काढावा.

नळीच्या तोंडाचे हे महत्त्व ॲल्व्हन क्लार्क यांनी नेमके ओळखले होते. गोळी ठासताना मूळ कडेला धक्का लागू नये म्हणून तोंडावर चढवायचे जोडतोंड त्यांनी बनवले आणि १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. हेच क्लार्क पुढे दुर्बिणीच्या भिंगांसाठी नावाजले. यर्कीस वेधशाळेतल्या ४० इंची दुर्बिणीचे भिंग त्यांच्याच घराण्याच्या कारखान्यात घडले.

ठासणीच्या बंदुकीची विद्या जपणारी अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना १९३३ पासून उभी आहे. इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी तिच्या स्पर्धा भरतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्यजीवांना संरक्षण दिले, त्यामुळे कोकणातली परवान्याची ठासणीची बंदूक उरली ती शेतराखणीपुरती. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे १९३७ च्या कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. एके काळी विरळ झालेली हरणे आता पुन्हा विपुल आहेत.

पण कायद्याच्या परवानगीने शिकाऱ्याची जबाबदारी संपत नाही. ज्या अंतरापर्यंत त्याच्या सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडतात, तेवढाच त्या बंदुकीचा पल्ला. गोळी निवडणे, चिंध्या तपासणे, नळी घासणे हा सारा खटाटोप तो पल्ला ओळखण्यासाठी असतो. त्याच्या पलीकडे कितीही देखणे हरीण उभे असले, तरी चापावरचे बोट बाजूला घ्यावे. ज्याने नळीवर मनापासून मेहनत केली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.