कोराडीची राख आणि आपली सही

२९ मे २०२३. नागपूरचा मे महिना कसा असतो ते वेगळं सांगायला नको. त्या उन्हात कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात एक जनसुनावणी झाली. तिथे ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आधीच आहेत, आणखी तसेच दोन उभारायचे म्हणून लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं. समर्थक आले, विरोधक आले, पक्षांचे कार्यकर्ते आले, आसपासच्या गावांतले शेतकरी आले.

कोराडीपासून कामठी जेमतेम दहा-बारा किलोमीटर. विणकर मोमिनांची जुनी वस्ती, आपल्या समाजाचं विदर्भातलं एक महत्त्वाचं गाव. पण कामठीत काय किंवा मोमिनपुऱ्यात, ताजबागेत, जाफरनगरात काय, असा विषय निघाला की घरात एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘अपने को क्या लेना-देना?’ पर्यावरण म्हणजे शिकल्यासवरल्या, रिकाम्या वेळेच्या लोकांचा विषय, आणि आपले विषय म्हणजे वक्फ, आरक्षण, कब्रस्तान, दंगलीतल्या केसेस. ही वाटणी कोणी केली कोण जाणे.

लेना-देना भरपूर आहे. आपल्याकडच्या कोळशात साधारण तीस ते चाळीस टक्के राख असते. ती पाण्यात कालवून पाइपाने मोठ्या तलावात, म्हणजे राख बंधाऱ्यात, सोडतात. जुलै २०२२ मध्ये भर पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला. राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांत गेला, तिथून नदीत. कोलार नदी कामठीजवळ कन्हानला मिळते, आणि कन्हानचं पाणी शुद्ध होऊन नागपूरच्या घराघरांत नळाने येतं. वजू करताना ते पाणी हातात घेणाऱ्याने ‘माझा काय संबंध’ म्हणायचं?

याच पट्ट्यात त्याच वर्षी दुसरंही घडलं. खापरखेडा केंद्राची राख पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावच्या तलावात टाकणं सुरू झालं होतं. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या. नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि पुण्याच्या मंथन अध्ययन केंद्राने आसपासच्या गावांतलं पाणी तपासून २०२१ मध्ये अहवाल काढला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री नांदगावला आले आणि राख टाकणं थांबवायचे आदेश निघाले. गावकऱ्यांच्या मागे कुठली मोठी ताकद नव्हती. तक्रारी होत्या, तपासणीचे कागद होते आणि पाठपुरावा होता.

दीनच्या नजरेने पाहिलं तरी हे परकं काम नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांना नबुव्वत मिळण्याआधी मक्केत एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याचा माल एका बड्या सरदाराने घेतला आणि पैसे बुडवले. त्या परक्या माणसासाठी मक्केतले काही लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले आणि त्यांनी शपथ घेतली, की ज्याच्यावर जुलूम होईल त्याच्या बाजूने उभं राहायचं. हाच हिल्फुल फुजूल. त्यात प्रेषित (स.) स्वतः सामील होते आणि पुढे इस्लाम आल्यानंतरही अशा कराराला आपण होकार देऊ, असं त्यांनी सांगितलं. ज्याचा माल बुडाला तो आपल्या कबिल्याचा आहे का, हे तिथे कोणी विचारलं नाही.

आता कामाचं बोलू. साथ द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

जनसुनावणी हा आपल्या हातातला एक मोठा हक्क आहे आणि आपण तोच सर्वांत कमी वापरतो. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी सुनावणी घ्यावी लागते. किमान तीस दिवस आधी एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका स्थानिक भाषेच्या दैनिकात जाहिरात द्यावी लागते. प्रकल्पाच्या परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात कोणालाही पाहता येतो. त्याचा सारांश स्थानिक भाषेतही असतो. सुनावणीला किती लोक आले पाहिजेत याची अट नाही. तिचं चित्रीकरण होतं. शेवटी कामकाजाचा गोषवारा तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. उन्हात जाता येत नसेल, घरात लहान मूल असेल, गर्दीत बोलायला संकोच वाटत असेल, तर लेखी म्हणणंही देता येतं. आपल्या घरातल्या बायकांसाठी ही लेखी वाट फार उपयोगाची आहे. मुलाला दम्याचा त्रास किती वेळा होतो, दवाखान्यात किती पैसे जातात, याचा हिशेब घरात त्यांनाच नीट माहीत असतो.

सुनावणी म्हणजे मतदान नव्हे, हेही लक्षात ठेवा. हजार लोक विरोधात बोलले म्हणून प्रकल्प रद्द होत नाही. पण जे मुद्दे मांडले गेले त्यांची उत्तरं प्रकल्पवाल्याला अंतिम अहवालात द्यावी लागतात आणि तज्ज्ञ समितीसमोर तो कागद जातो. न मांडलेल्या मुद्द्याचं उत्तर कोणी देत नाही.

म्हणून मजकूर कसा लिहायचा ते महत्त्वाचं. ‘आमचा तीव्र विरोध आहे’ एवढंच लिहिलं तर वाचणारा पान उलटतो. त्यापेक्षा असं लिहा: ‘मी अमुक मोहल्ल्यात वीस वर्षं राहतो. घरात सात माणसं. पाणी कन्हानच्या योजनेचं येतं. २०२२ मध्ये राख बंधारा फुटला होता. नवीन संचांची राख कुठे साठवणार, तो बंधारा फुटू नये म्हणून काय व्यवस्था आहे आणि आमच्या पाण्याची तपासणी कोण, किती दिवसांनी करणार, हे अहवालात कुठल्या पानावर आहे?’ विरोधच करायला हवा असंही नाही. वीज सर्वांना लागते, प्रकल्पात पोरांना नोकरी मिळेल अशी आशाही लोकांना असते, ती खोटी नाही. समर्थन द्या, पण अटींसह द्या.

वक्फ विधेयकाच्या वेळी, सप्टेंबर २०२४ मध्ये, आपण सर्वांनी मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करून संयुक्त संसदीय समितीला ईमेल पाठवले. दोन्ही बाजूंचे मिळून जवळपास एक कोट अभिप्राय गेल्याच्या बातम्या आल्या. समाज जागा झाला, ही मोठी गोष्ट. पण एकच मजकूर लाखो वेळा गेला तर तो एक मुद्दा आणि लाखो सह्या असा मोजला जातो. कायदा एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालाच. त्यातल्या काही तरतुदींना १५ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली, ती कलमवार युक्तिवादामुळे. राज्याच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती गेल्या. विधेयक जुलै २०२५ मध्ये संमत झालं, पण मूळ मसुद्यातली भाषा काही ठिकाणी बदलावी लागली. एवढंच मिळालं, आणि तेही लिहिणाऱ्यांमुळे.

शहरातलं जवळचं उदाहरण अजनी वनाचं. वाहतूक स्थानकाच्या प्रकल्पासाठी तिथली हजारो झाडं जाणार होती. महापालिकेच्या उद्यान विभागाने हरकती मागवल्या, नागरिकांनी त्या ढिगाने दिल्या, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं आणि तो प्रकल्प अजनीत झाला नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड तोडण्याच्या नोटिशीवर हरकतीला सात दिवस मिळतात. तुमच्या गल्लीतल्या कडुनिंबावर असा कागद चिकटलेला दिसला तर दिवस मोजायला लागा.

मोर्चाबद्दल नागपूरकरांना काय शिकवायचं! हिवाळी अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, शाळा-कॉलेजची पोरं ते बघत मोठी होतात. तरी २३ नोव्हेंबर १९९४ विसरता येत नाही. गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले, त्यात बायका आणि मुलं पुष्कळ होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचंच नाव आहे. म्हणून मोर्चाला पोलिसांची परवानगी आहे का, मार्ग कोणता, संपणार कुठे, हे आयोजकाला विचारा. उत्तर देता येत नसेल तर घरच्यांना घेऊन जाऊ नका. राज्यघटनेच्या कलम १९ ने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे, त्यावर वाजवी निर्बंधही ठेवले आहेत. जमावबंदीचा आदेश असेल तर त्या दिवशी निवेदन द्या, जमाव करू नका.

खरी अडचण भीतीची आहे, ते आम्ही मान्य करतो. ‘नाव लिहिलं तर उद्या घरी कोणी येईल’ असं माणसं दबक्या आवाजात सांगतात. मार्च २०२५ च्या हिंसाचारानंतर ती वाढली. २४ मार्चला महापालिकेने एका आरोपीचं घर पाडलं, दुसऱ्या ठिकाणचं तोडकाम खंडपीठाच्या आदेशाने त्याच दिवशी थांबलं. आरोपींवरच्या खटल्याचं काय होईल तो वेगळा प्रश्न आहे. पण १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी याशिवाय घर पाडता येणार नाही. रस्ता, फूटपाथ, नदीपात्र यांवरच्या अतिक्रमणाला मात्र ही सूट नाही. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई याच खंडपीठात वकिली करून पुढे गेले, आणि त्या प्रकरणात जमियत उलमा-ए-हिंदही याचिकाकर्ता होती. नंतर पालिका आयुक्तांनी खंडपीठात माफी मागितली. पाडलेलं घर माफीने उभं राहत नाही, हे खरंच. तरी दुसऱ्या घराचं तोडकाम थांबलं ते कोणीतरी कागद घेऊन वेळेत कोर्टात पोहोचलं म्हणून.

भीतीवर आमचा व्यवहारी सल्ला एवढाच. एकट्याने देऊ नका, दहा घरांनी मिळून निवेदन द्या, पण प्रत्येक घराने आपली माहिती स्वतः लिहावी. सहीच्या मोहिमेत नाव आणि पत्ता पुरतो, आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका. न तपासलेला व्हिडिओ पुढे ढकलू नका, भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ फॉरवर्ड करणाऱ्यालाही लागू शकतं. सरकारी नोकरीत असाल तर पक्षाच्या व्यासपीठावर जाऊ नका. चंदा द्याल तर नोंदणीकृत संस्थेला द्या आणि पावती घ्या. आखातातला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल तर बँकेतून पाठवलेली त्याची देणगी परदेशी धरली जात नाही. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, त्याच्या देणगीला मात्र परदेशी देणग्यांचा कायदा लागतो.

माहिती हवी असेल तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत अर्ज होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही खर्च नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कहाणी लिहू नका, प्रश्न लिहा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. कोर्टाची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळू शकतो, महिलांना तर उत्पन्नाची अट न लावता.

आणि कार्यालयात कागद दिला की खिडकीवरून तसेच परत फिरू नका. दोन प्रती न्या, एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. कारकून म्हणेल, ‘ठेवून जा, साहेब बघतील’. तिथेच थांबा, पोच मिळाल्यावर निघा. ती प्रत घरात वीजबिलांच्या फायलीत ठेवा, पुढच्या सुनावणीला तीच लागते.