खडकाळ शिखरांवरील वनस्पतींची नोंद का महत्त्वाची?

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील पिको दो पाद्रे आंजेलो या सुमारे दीड हजार मीटर उंचीच्या डोंगरावर एका ऑर्किडप्रेमीने टिपलेली छायाचित्रे फेसबुकवर आली आणि त्यांतील एका कीटकभक्षी वनस्पतीने अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढील अभ्यासानंतर पाउलो गोनेला आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘ड्रोसेरा मॅग्निफिका’ ही नवी प्रजाती जाहीर केली. सुमारे दीड मीटरपर्यंत वाढणारी ही वनस्पती दोन्ही अमेरिका खंडांतील ड्रोसेरा कुळगटात सर्वांत मोठी ठरली.

एवढी मोठी वनस्पती इतकी वर्षे अज्ञात कशी राहिली, याचे उत्तर तिच्या अधिवासात आहे. उष्णकटिबंधातील उघडे खडकाळ माथे ही जणू जमिनीवरची बेटेच असतात. पायथ्याशी जंगल किंवा शेती आणि माथ्यावर तापलेला खडक, मातीचा पातळ थर व झटकन वाहून जाणारे पाणी, अशी तेथील स्थिती असते. पायथ्याच्या बहुतेक वनस्पती तेथे तग धरत नाहीत, तर माथ्यावरील वनस्पतींचे बी दुसऱ्या माथ्यापर्यंत क्वचितच पोहोचते. दीर्घकाळाच्या या एकांतातून स्वतंत्र प्रजाती घडतात. निकस मातीत नत्राची वाण असल्याने ड्रोसेरा पानांवरील चिकट थेंबांत कीटक पकडून ती भरून काढते.

छायाचित्रामुळे शोधाला दिशा मिळते; मात्र केवळ त्याच्या आधारे प्रजाती सिद्ध होत नाही. वाळवलेले नमुने वनस्पतिसंग्रहालयातील जुन्या नमुन्यांशी ताडून पाहावे लागतात. वेगळेपण निश्चित झाल्यावर सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले जाते आणि त्या नावाचा आधार ठरणारा एक नमुना संग्रहालयात कायमस्वरूपी जतन होतो.

या नोंदीवर संरक्षणाचीही भिस्त असते. नाव नसलेल्या वनस्पतीचा धोक्यातील प्रजातींच्या यादीत समावेश करणे कठीण असते. ड्रोसेरा मॅग्निफिका या एकाच डोंगरावरून ज्ञात असल्याने अभ्यासकांनी तिला जाहीर करतानाच ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. डोंगराच्या परिसरात कॉफी व निलगिरीची लागवड आणि गुरांची कुरणे आहेत. एकच अधिवास असलेल्या प्रजातीच्या बाबतीत तो नष्ट होणे म्हणजे निसर्गातून तिचे अस्तित्व संपणे होय.

भारतातही हा विषय दूरचा नाही. सह्याद्रीतील कातळपठारांवर, विशेषतः सातारा जिल्ह्यातील कास पठारावर, पावसाळ्यात ड्रोसेराच्याच प्रजाती आढळतात. मराठीत त्यांना ‘दवबिंदू’ म्हणतात. उन्हाळ्यात ओसाड दिसणारे असे कातळ पडीक समजले जातात. खाणकाम किंवा बांधकामापूर्वी तेथे किमान एका पावसाळ्यात वनस्पतींची पाहणी झाली, तर कोणती प्रजाती पणाला लागली आहे, हे वेळेत कळू शकेल.