बद्धकोष्ठयुक्त इरिटेबल बॉवेल सिंड्रोम : प्रोबायोटिक व प्रीबायोटिक यांचे स्थान

आतड्यात रचनात्मक दोष न आढळता वारंवार पोटदुखी व मलावरोध घडविणारा हा विकार होय. त्यावर प्रोबायोटिक व प्रीबायोटिक सर्रास सुचविले जातात.

पुरेशा मात्रेत घेतल्यास आरोग्यास हितकारक ठरणारे सजीव सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी केली. त्यामुळे सूक्ष्मजीवांचा प्रकार व मात्रा अज्ञात असलेले घरगुती ताक पौष्टिक असले, तरी औषध ठरत नाही.

हितकारक सूक्ष्मजीवांचे खाद्य ते प्रीबायोटिक. कोल्हापुरी मसाल्यातील कांदा-लसणात फ्रुक्टन हे प्रीबायोटिक असते. मात्र मोठ्या आतड्यात त्याचे किण्वन होऊन वायू निर्माण होतो व संवेदनशील आतड्यास वेदना होतात. याउलट इसबगोलाचा भुसा फारसा आंबत नाही. तो पाणी धरून मल मऊ करतो.

२०२१ च्या अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्राव्य तंतूंची शिफारस आहे, प्रोबायोटिकची नाही. त्याच वर्षीच्या ब्रिटिश तत्त्वांनुसार प्रोबायोटिक १२ आठवड्यांपर्यंत वापरून पाहावे व गुण न आल्यास थांबवावे. शौचातून रक्तस्राव वा अकारण वजनघट असल्यास मात्र वेळ न दवडता वैद्यकीय तपासणी करणे अगत्याचे ठरते.