रातांब्याचं आगळ आणि खाडीतलं तिवर

रातांबे फोडून, त्यांना मीठ लावून बरणीत भरले की दुसऱ्या दिवशी साली मऊ पडलेल्या असतात आणि तळाशी लालभडक आगळ साचलेलं असतं. कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे पाणी ओढलं जातं, हे परासरण. आगळात लाल रंगही उतरतो, म्हणजे तोवर सालीतल्या पेशींची पटलंच निकामी झालेली असतात. आता रत्नागिरीजवळ काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि भरतीच्या त्या पाण्यात तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, झाड हिरवंगार उभं असतं. मीठ तेच, नियमही तोच. फरक आहे तो जिवंत, शाबूत पटलाचा.

हे पटल स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचं, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ. विद्युतभारित सोडियमला त्या थरातून वाट मिळत नाही. पाण्यासाठी मात्र प्रथिनांचे खास मार्ग असतात. शास्त्रज्ञ पीटर आग्र यांनी ते १९९२ मध्ये दाखवून दिले आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पानांतून बाष्प उडतं, त्या ओढीने मुळं पाणी खेचतात आणि बहुतेक मीठ बाहेरच राहतं. यावर कोणी म्हणेल, मग ही नुसती गाळणीच झाली, तिला जिवंतपणा कशाला हवा? आक्षेप वजनदार आहे. शास्त्रज्ञ शोलँडर यांनी १९६० च्या दशकात खारफुटीच्या मुळांवर पेशींची ऊर्जा तोडणारी विषं वापरून पाहिली, तरी मीठ अडवलं जातच राहिलं. मुळाशी गाळण्याचं काम भौतिक आहे, हे मान्यच करायला हवं. पण थोडं मीठ आत शिरतंच, आणि खरी कसोटी तिथून सुरू होते. ते पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पोकळीत, कोंडायचं किंवा पानावरच्या क्षारग्रंथींतून बाहेर टाकायचं, म्हणजे ओढ्याच्या उलट पोहायचं. ते पटलातल्या पंपांचं काम, आणि त्याला ऊर्जा लागते. तिवराच्या पानावर उन्हात चमकणारे मिठाचे कण हा त्या कष्टांचा उघड पुरावा आहे.

ही ऊर्जा श्वसनातून येते. चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून तिवराची पेन्सिलीसारखी श्वसनमुळं चिखलातून वर डोकावतात. खाडीकाठी भराव टाकताना झाडाला कुऱ्हाड लावली नाही, असं सांगितलं जातं. पण ती मुळं मातीखाली गेली की पंपांची ऊर्जा आटते, आणि कुऱ्हाड न लागताही झाड वाळतं.